दोन वह्या
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, ‘तू वकील आहेस, काहीतरी उपयोगाचं बोल. मृत्युपत्र, वारसाहक्क, असलं काही. आपल्या वयाला तेच शोभतं.’ मी हो म्हटलं होतं. पण मृत्युपत्रावर बोलणारे वकील गल्लोगल्ली मिळतात. मी दुसराच विषय घेतला आहे. निवडणूक लढवणारा उमेदवार सरकारला खर्चाचा जो हिशेब देतो, तो खोटा निघाला तर काय होतं, हा तो विषय. हा विषय निवडायला एक घरगुती कारण आहे. ते शेवटी सांगतो. सर समोर बसलेत, त्यामुळे सुरुवातीलाच सांगायचा धीर होत नाही.

आधी कायदा थोडक्यात. उमेदवारी अर्ज भरल्या दिवसापासून निकाल जाहीर होण्याच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, उमेदवाराने खर्चाचा वेगळा आणि खरा हिशेब ठेवायचा असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७. तारीख, कशावर खर्च, किती दिले, किती बाकी, कुणाला दिले त्याचं नाव-पत्ता, आणि जिथे पावती मिळणं शक्य आहे तिथे पावती. निकालानंतर ३० दिवसांत हा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. म्हणजे कलेक्टर ऑफिसात. तिथे तो कुणालाही पाहता येतो, फी एक रुपया. हो, एक रुपया. इतकं स्वस्त ज्ञान आपल्या देशात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही. आणि ते घ्यायला जाणारं माणूसही मी फारसं पाहिलेलं नाही.

खर्चाला वरची मर्यादा असते. आज आपल्या राज्यात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. २००४ साली विधानसभेला १० लाख होती. हा १० लाखांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लोक समजतात की हिशेब खोटा म्हणजे आमदारकी गेली. तसं नाही. निवडून आलेल्याची निवडणूक रद्द करायची तर हायकोर्टात निवडणूक याचिका करावी लागते. तीही निकालापासून ४५ दिवसांच्या आत. शेहेचाळिसाव्या दिवशी गेलात तर दार बंद. आजारी होतो, गाडी चुकली, काही चालत नाही. इथे एक गंमत पाहा. हिशेब द्यायला ३० दिवस आणि याचिकेला ४५. समोरच्याने शेवटच्या दिवशी हिशेब दिला, तर तो पाहायचा, नकला काढायच्या, पुरावे गोळा करायचे, वकील गाठायचा आणि हायकोर्टात जायचं, या सगळ्याला उरतात १५ दिवस.

आणि याचिकेत सिद्ध काय करायचं? हिशेब खोटा आहे, एवढं पुरत नाही. कर्नाटकातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली हे स्वच्छ सांगितलं. मर्यादेपेक्षा जास्त खर्च करणं हा ‘भ्रष्ट आचार’, त्याने निवडणूक रद्द होते. हिशेब नीट न ठेवणं किंवा खोटा ठेवणं, पण खर्च मर्यादेच्या आतच असणं, हा भ्रष्ट आचार नाही. त्याची दखल निवडणूक आयोगाने घ्यायची. कलम १०-अ खाली आयोग उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. सर, तुम्ही गणितात म्हणायचात, नुसतं उत्तर नको, रीत दाखव. हायकोर्ट फक्त उत्तर पाहतं, १० लाखांच्या वर की खाली. रीत तपासायचं काम आयोगाचं.

मी १९९१ नंतर नागपूरला एका मोठ्या वकिलांकडे जुनिअर होतो, हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नागपूरहून दत्ताजी मेघे निवडून आले, आणि मतदारांनी त्यांच्या खर्चावरून याचिका केली. आमच्या ऑफिसचा त्या खटल्याशी काही संबंध नव्हता, पण बाररूममध्ये चहाबरोबर तोच विषय. प्रश्न असा होता की पक्षाने आणि इतरांनी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यावर धरायचा का? तेव्हाचा कायदा म्हणत होता, नाही. आणि तो कायदा असा का होता, ही तर खरी ऐकण्यासारखी गोष्ट आहे.

१९७४ च्या ऑक्टोबरात दिल्लीतल्या एका खटल्यात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पक्षाने उमेदवारासाठी उमेदवाराच्या माहितीत केलेला खर्च हा उमेदवाराचाच खर्च. चावलांची निवडणूक रद्द झाली. सगळ्याच पक्षांच्या पोटात गोळा आला असणार, कारण त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. पक्षाने किंवा मित्राने केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही, आणि हे मागच्या निवडणुकांनाही लागू. कोर्टाने जे दार लावलं होतं, ते संसदेने चौकटीसकट काढून टाकलं. २००३ पर्यंत ते तसंच होतं. त्यानंतर बदललं. आता पक्षाच्या ठरावीक मोठ्या नेत्यांचा प्रवासखर्च तेवढा वगळतात.

नागपूरचा खटला ते दार उघडं असतानाचा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात मतदार हरले. उमेदवाराने खर्च स्वतः केला किंवा करायला सांगितलं, हे ठोस पुराव्याने दाखवायला हवं, संशयाने भागत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालात पक्ष पैशाचा हिशेब ठेवत नाहीत याबद्दल खंतही व्यक्त केली. खंतेने याचिका जिंकता येत नाही, एवढं मी तेव्हा शिकलो.

जाता जाता एक गैरसमज काढतो. इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक अलाहाबाद हायकोर्टाने १२ जून १९७५ ला रद्द केली, ती खर्चामुळे, असं आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात पक्कं आहे. राजनारायण यांनी खर्चाचा आरोप केला होता हे खरं. मर्यादा तेव्हा ३५ हजार होती. पण तो आरोप टिकला नाही. निवडणूक गेली ती यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना त्यांचं साहाय्य घेतलं, आणि सभेची व्यासपीठं, लाऊडस्पीकर यांसाठी सरकारी अधिकाऱ्यांची मदत घेतली, यावर.

अशोक चव्हाणांचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २००९, भोकर. वर्तमानपत्रांत ‘अशोक पर्व’ नावाने पानंच्या पानं आली होती, आणि हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पराभूत उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. चव्हाणांचं म्हणणं, तो मजकूर मी पैसे देऊन छापलेला नाही. मग भांडण लागलं ते वेगळ्याच मुद्द्यावर. हिशेब वेळेत आणि ठरलेल्या नमुन्यात आला म्हटल्यावर तो खरा की खोटा हे पाहायचा आयोगाला अधिकार तरी आहे का? सर्वोच्च न्यायालय ५ मे २०१४ ला म्हणालं, आहे. जुलैत आयोगाने त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढून नोटीस दिली. सप्टेंबरात दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. तोपर्यंत पुढची विधानसभा निवडणूक दारात आली होती. कायदा सांगतो की याचिका शक्यतो सहा महिन्यांत संपवावी. ‘शक्यतो’ या शब्दावर आम्हा वकिलांची घरं चालतात.

त्या ५,३७९ वर तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला. बाररूममध्ये मीही हसलो, पण मला ते हसू गिळता येईना.

आता घरगुती कारण.

२००४ ची विधानसभा. १३ ऑक्टोबरला मतदान, १६ ला मोजणी. आपल्या वर्गातला एक जण अपक्ष उभा होता. नाव घेत नाही. तो दुसऱ्या रांगेत बसलाय आणि त्यानेच मला परवानगी दिली आहे. म्हणाला, ‘सांग. नाव नको घेऊ. तशीबी सगळ्याइले मालूम आहे.’ तेव्हा आपल्यातले बरेच जण त्याच्या प्रचाराला होते. बाया-माणसांसाठी स्वयंपाक कुणाच्या वाड्यात शिजायचा तेही तुम्हाला आठवत असेल. हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे होतं. वकील, अक्षर बरं, आणि मित्र.

मी रोज रात्री वही लिहायचो. डिझेलच्या चिठ्ठ्या, जीपचं भाडं, भोंगे, बॅनर, पत्रकं, सतरंज्या, पोह्यांची पोती, रोजाने आलेल्या पोरांचे पैसे. सगळं. शेवटी बेरीज आली ९ लाख ४२ हजार. मर्यादा १० लाख. म्हणजे आम्ही कायद्याच्या आत होतो. मला तर अभिमान वाटला होता. तो हरला, पण हिशेब सरळ होता.

हिशेब द्यायच्या आधी तो रात्री घरी आला. दिवाळीचे दिवस होते, बायकोने फराळाचं ताट ठेवलं, त्याने हात लावला नाही. म्हणाला, ‘साडेतीन लाख कमी दाखव.’ मी म्हटलं, अरे कशाला? आपण मर्यादेत आहोत. तेव्हा त्याने सांगितलं. संत्र्याची बाग त्याने एका खाजगी माणसाकडे गहाण ठेवली होती. बाग दोघा भावांची, आणि भावाला पत्ता नव्हता. ‘एक रुपया देऊन कोणीबी वही पाहू शकते मन्तं ना तू? भाऊ जाईन न् पाहीन. इतका पैसा कुठून आणला मनून इचारीन.’

कायदा चुकवायला लोक हिशेब खोटा करतात. आम्ही तो सख्ख्या भावाला चुकवायला केला.

मी दुसरी वही लिहिली. ५ लाख ८६ हजार. चाळीस जीपच्या जागी बावीस. जेवणाचे अकरा दिवस गाळले. मंडपवाल्याकडून नवं, लहान बिल आणलं. बिचाऱ्याने काही न विचारता दिलं. सोबत शपथपत्र, सही मित्राची, मजकूर माझा. सहज जमलं, याचंच आज जास्त वाईट वाटतं.

२४ नोव्हेंबरला तो परत आला. हातात रेक्झिनची पिशवी. त्यात निवडून आलेल्या उमेदवाराविरुद्धचे पुरावे. बॅनरचे फोटो, ढाब्यावरच्या जेवणावळीचा फोटो, कुठल्याशा पंपाच्या चिठ्ठ्या, गाड्यांचे नंबर लिहिलेला कागद. डोळे लाल. ‘त्याइनं कोटीच्या वर उडवले अन् कागदावर साडेसात लाख दाखवले. मी सोडत नाही. तू याचिका लिही. सहा दिवस आहेत.’

मी एक-एक कागद काढून विचारत गेलो. या जेवणाचे पैसे कोणी दिले? ‘त्याइनंच.’ पाहिलं कोणी? ‘सगळ्या तालुक्यानं.’ कोर्टात तालुका येत नाही, एक माणूस आण. ढाबेवाला येईल? तो नाही. पंपवाला? तो त्यांच्याच नात्यातला. गाड्या कुणी लावल्या, कुणाच्या सांगण्यावरून? गप्प. याचिकेत तारीख, जागा, रक्कम, माणूस, सगळं लिहावं लागतं. भ्रष्ट आचाराचा आरोप केला की वेगळं शपथपत्र. आणि पुरावा फौजदारी खटल्यासारखा काटेकोर लागतो.

मग मी त्याला कलम ९७ सांगितलं. तू म्हणालास की त्याची निवडणूक रद्द करा आणि मला विजयी घोषित करा, तर त्यालाही तुझ्यावर उलट आरोप करता येतात. तू म्हणालास की नुसती रद्द करा, तरी तू साक्षीला उभा राहशीलच. त्याचा वकील तुझाच हिशेब तुझ्या हातात देईल आणि विचारेल, या सतरंज्या किती?

हे सगळं कायद्याने बरोबर होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याने ऐकलं, पिशवी उचलली आणि गेला. ३० तारीख गेली. बाहेर त्याने सांगितलं की वकिलाने समोरच्याकडून पैसे खाल्ले. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलंय, एक-दोघांनी मला तोंडावर विचारलंही होतं. मी तेव्हा फक्त हसून टाळलं होतं.

पैसे खाल्ले नव्हते. पण मी त्याला एक कारण सांगितलं नव्हतं. याचिका कमकुवत होती हे खरंच. पण ती भक्कम असती तरी मी केली नसती. कलेक्टर ऑफिसातल्या त्या वहीतलं अक्षर माझं होतं. उलटतपासणीत तो पिंजऱ्यात उभा राहिला असता, आणि तिसऱ्या प्रश्नाला माझं नाव आलं असतं. सनद गेली असती. मी मित्राला वाचवतोय असं दाखवून स्वतःला वाचवलं. समोरचा उमेदवार खरंच कोटी उधळून निवडून आला होता का, ते कोर्टासमोर कधीच आलं नाही. ज्या माणसाने तो प्रश्न विचारायला हवा होता, त्याची वही मीच खोटी करून ठेवली होती.

बारा वर्षं आम्ही बोललो नाही. मधल्या काळात भावाला बागेचं कळलं, सावकारच घरी आला तेव्हा. वाटणी झाली, अर्धी बाग गेली. २०१६ साली वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात पंगतीत नेमके शेजारी बसलो. वाढपी मठ्ठा घेऊन आला, तर हा म्हणाला, ‘याले जास्त वाढ, याले आवडते.’ एवढंच. तिथून पुढे सुरू झालं.

आता व्यवस्था बरीच बदलली आहे, तेही सांगायला हवं. उमेदवाराला निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं काढावं लागतं. खर्च निरीक्षक येतात, त्यांची माणसं सभेचं चित्रीकरण करतात आणि स्वतःची समांतर नोंदवही ठेवतात. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, सगळ्याचं दरपत्रक जिल्ह्यात ठरतं, आणि त्या दराने खर्च लावतात. माझ्यासारख्या मित्राला अकरा दिवसांची जेवणं गाळणं आता इतकं सोपं नाही. पण रोख पैसा वही चुकवून जायचा तो जातोच, त्याला वाट कुणी दाखवावी लागत नाही. आपल्या गावातले जे तरुण उमेदवारांचे हिशेब लिहितात, त्यांतले दोघे-तिघे सल्ल्याला माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी विचारतो, वह्या किती आहेत? ते हसतात. मी हसत नाही.

खरी वही मी फाडली नव्हती. का ठेवली, सांगता येत नाही. मागच्या महिन्यात मेळाव्याच्या बैठकीनंतर ती घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि पंगतीत जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. त्याचा भाऊही तिथेच बसला होता. दोघांनी चष्मे लावले आणि पान-पान पाहिलं. मी शिव्यांची तयारी ठेवून बसलो होतो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग भाऊ एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘हे मंडपवाल्याचं काय आहे? बाकी अकरा हजार लिवलेत. देल्ले का त्याले?’

दिले नव्हते. लहान बिल आणलं, तेवढेच दिले, आणि वरचे आम्ही तिघंही विसरलो. मंडपवाला आता नाही. आज तुमच्या डोक्यावर जो मंडप आहे, तो त्याच्या मुलाचा आहे. कार्यक्रम संपला की आम्ही दोघं त्याच्याकडे जाऊन येणार आहोत. तेव्हा जेवणाच्या पंगतीत आम्ही पहिल्या फेरीला दिसलो नाही, तर आमच्यासाठी थांबू नका. मठ्ठा तेवढा ठेवा.